पैठणची भिंत, टोक्याचं पाणी

आमच्या गेवराई तालुक्यात पैठणचं नाव दोन कारणांनी निघतं. एक नाथमहाराज, म्हणजे संत एकनाथ, आणि दुसरं पाटाचं पाणी. पैठणच्या धरणातून निघालेला उजवा कालवा 132 किलोमीटरचा. तो आमच्या शिवारांतून माजलगावकडे जातो. रब्बीच्या दिवसांत पारावर, टपरीवर, बसस्टँडवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी सुटलं का?" कोणतं पाणी, कुठून सुटलं, हे सांगावं लागत नाही.

धरण पैठणला असलं तरी नाव आमच्या जिल्ह्याचं आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरी अडवायचा विचार झाला, तेव्हा जागा धरली होती ती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. पुढं पाहणीत पैठणची जागा सरस ठरली. धरण शंभरेक किलोमीटर वर सरकलं, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. मामांना ही गोष्ट फार आवडते. बहात्तरच्या दुष्काळात ते पोरसवदा वयात पाटाच्या कामावर माती वाहायला होते. सुकडी खाऊन दिवस काढले, पण ज्या धरणासाठी पाटी उचलली त्या धरणाच्या भिंतीपाशी ते कधी निवांत उभे राहिले नव्हते. नाथषष्ठीला गेले ते गर्दीत गेले आणि गर्दीतच परतले. आईचंही तसंच. म्हणून पौषात, षष्ठीची गर्दी लांब असताना, दोघांना घेऊन निघालो. आधी पैठण, आणि तिथून नाथसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या काठाकाठानं थेट त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे प्रवरासंगम-टोक्यापर्यंत जायचं ठरवलं होतं.

गेवराईहून शहागडचा पूल ओलांडला की गोदावरी मागं पडते. पुलावर गाडी जराशी हळू केली. इथून जवळच आमच्या बाजूच्या काठावर राक्षसभुवन आहे. लोक तिथं शनीच्या दर्शनाला जातात, पण मराठ्यांच्या इतिहासात त्या गावाचं नाव आहे ते 10 ऑगस्ट 1763 मुळे. श्रावणातली नदी दुथडी भरलेली. निजामाचं निम्मं लष्कर पलीकडे उतरून गेलेलं आणि उरलेलं अलीकडे अडकलेलं. पेशव्यांनी नेमकी ती वेळ साधली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडला आणि पानिपतानंतर खचलेल्या मराठी राज्याला पुन्हा उभारी आली. माधवराव पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. मामा म्हणाले, "म्हंजी लढाई गंगेनंच जिंकून दिली की." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

पाचोडहून पैठणच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा आणि ऊस. या रस्त्यावर सांगण्यासारखं दुसरं काही नाही. वळणावळणाला उसाच्या गाड्या आणि बैलजोड्या भेटत होत्या, इतकंच.

पैठण हे गाव आहे की शहर, हे आत शिरल्यावर कळत नाही. गल्ल्या अरुंद, वाडे उंच, आणि चालता चालता पायाखालची जमीन चढत जाते. हा चढ मातीचा नाही, माणसांच्या वस्तीचा आहे. घरं पडली, त्यावर घरं उठली, असं दोन हजारांहून जास्त वर्षं चाललं. गावाच्या एका भागाला लोक पालथी नगरी म्हणतात. तिथं पावसाळ्यात माती धुपली की मणी, खापरं, शिशाची नाणी वर येतात. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी-खलाशाच्या टिपणात, पेरिप्लसमध्ये, पैठण भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवचं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड जात, तेरहून मलमल आणि जाडंभरडं कापड जाई. सगळा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला नेत. रोमचा माणूस जो मणी गळ्यात घालत होता, तो आमच्या या काळ्या रानातून बैलगाडीनं गेला असेल, हा विचार मला कोणत्याही राजवाड्यापेक्षा मोठा वाटतो.

इथल्या संग्रहालयात ते सगळं समोर येतं. पैठणच्याच बाळासाहेब पाटील यांनी हौसेनं आणि चिकाटीनं जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. राजाचा मुकुट, सिंहासन असलं काही तिथं शोधू नये. मातीची खेळणी, बायकांच्या केशरचना दाखवणाऱ्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी. आई एका मातीच्या बाहुलीपुढं बराच वेळ थांबली. बाहुलीच्या कानातली कर्णफुलं तळहाताएवढ्या मूर्तीवरही स्पष्ट कोरलेली. "त्या काळातही कान भरूनच घालीत व्हत्या बायका," एवढंच ती म्हणाली. इतिहासाच्या पुस्तकांतून सातवाहन शिकताना त्यांच्या घरात शिरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. तिथं वाटलं.

नाथांच्या वाड्यात गेलो. 1533 ते 1599 हा नाथांचा काळ. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे शिकून ते परत पैठणला आले आणि संसार करत राहिले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये तीनशे वर्षांत शिरलेले पाठभेद तपासून त्यांनी 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. मराठीवर एवढं एकच ऋण ठेवून ते गेले असते तरी ते फिटलं नसतं. पण वाड्यात येणारे लोक येतात ते रांजण बघायला. देव श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी बारा वर्षं राबला, गोदावरीवरून कावडीनं पाणी आणून तो रांजण भरत होता, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेपासून गावातले लोक आणि वारकरी त्या रांजणात पाणी ओतायला लागतात. तो भरून वाहिला की देव आला असं मानतात. मग षष्ठी.

त्या रांजणाशी उभं राहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. पैठणची जी जी गोष्ट लोकांच्या तोंडी टिकली, तिच्यात पाणी आहे. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. गोदेच्या तापल्या वाळवंटात चुकलेलं, महाराचं म्हणून कुणी न शिवलेलं लेकरू त्यांनी कडेवर घेतलं. नागघाटावर ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद बोलवले, तेही नदीच्या काठावर. आणि शेवटी नाथांनी देह ठेवला तो नदीतच. दुष्काळी मुलखाला कोणती गोष्ट जपायची हे बरोबर कळतं. पाणी कुणी वाहून आणलं आणि ते कुणाच्या तोंडी पडलं, हा प्रश्न त्या सगळ्या गोष्टींच्या पोटात आहे, आणि तो आजही सुटलेला नाही.

घाटावर नाथांच्या समाधिमंदिराशी गोदावरी पाहिली. धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं. डबकी, शेवाळ, मधून मधून खडक. धरणाच्या इतक्या जवळ नदी अशी असावी याचं आईला वाईट वाटलं. तिनं ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. नदीचं दुसरं रूपही या गावानं सोसलंय. 2006 च्या ऑगस्टमध्ये धरणाचे दरवाजे उघडावे लागले तेव्हा अर्धंअधिक पैठण पाण्यात होतं आणि खाली आमच्या नदीकाठच्या गावांनीही रात्री जागून काढल्या. धरणाखालच्या माणसाची ही गत असते. पाणी मिळालं नाही तरी मरण, एकदम आलं तरी मरण.

पैठणी बघायची माझी फार इच्छा होती. दुकानातली नाही, मागावरची. एका घराच्या पुढच्या खोलीत खड्डामाग होता. विणणारी बाई पन्नाशीची, पाय खड्ड्यात, नजर पदरावर. पदरात बांगडीमोर चालला होता. मोराच्या निळ्याला एक तिल्ली, पिसाऱ्याच्या हिरव्याला दुसरी, चोचीच्या लालला तिसरी, वेलीला वेगळी, जरीला वेगळी. अशा कितीतरी तिल्ल्या पदराच्या रुंदीभर ओळीनं लोंबत होत्या. एका ओळीत जिथं निळा संपतो आणि जर सुरू होते तिथं ती दोन्ही धागे एकमेकांत अडकवून वळवून घेई, मग फणी ओढून ठोके. पुन्हा पुढची ओळ. तिनं मला पदर उलटा करून दाखवला. मागं एकही धागा लोंबत नव्हता, मोर जसा वरून तसाच खालून. यंत्रमागाची साडी उलटी केली की लगेच उघडी पडते, ती म्हणाली. रेशीम बंगळूरचं येतं, जर सुरतेची. माग मात्र इथले आणि हातही इथले.

"दिवसाला किती होतं, ताई?" आईनं विचारलं.

"पदर असंल तर बोटभर. कधी तेवढंबी न्हाई."

ज्या पदराला महिने लागतात त्याची किंमत ऐकून आपण तोंडात बोट घालतो, आणि तिच्या हातात त्यातलं किती पडतं हे विचारत नाही. मी विचारलं. तिनं आकडा सांगितला नाही, "चालतंय" म्हणाली. पैठणीचा बाजार येवल्यानं उचलला आणि येवल्यानं तो मोठा केला, यात वावगं काही नाही. पण मूळ गावात माग असेच मोजक्या घरांत राहिले तर ते सगळ्या महाराष्ट्राचं नुकसान आहे, असं मला मनापासून वाटतं.

मग धरण. मामा सकाळपासून याच क्षणाची वाट पाहत होते. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. मातीची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब, दरवाजे 27, पोटात पाणी मावतं ते 102 टीएमसीच्या घरात. एवढी लांब भिंत डोळ्यांच्या एका फेऱ्यात येत नाही. डावीकडून बघत गेलं तर उजवं टोक धुरकट होऊन क्षितिजात शिरतं. भिंतीच्या वरच्या अंगाला मात्र पाणीच पाणी. वाऱ्यानं लाटा उठत होत्या आणि काठाच्या दगडांवर आपटत होत्या. मराठवाड्यात जन्म काढलेल्या माणसानं लाटांचा आवाज ऐकावा तो इथंच.

मामा गप्प होते. मग म्हणाले, "पाटी उचलताना वाटायचं, एवढी माती कुठं जातीया. आता कळलं."

खाली ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेलं, आमच्या शाळेच्या सहलींचं ते मोठं आकर्षण होतं. रंगीत कारंजी पहिल्यांदा आम्ही तिथंच पाहिली. गेल्या कित्येक वर्षांत त्याची हेळसांड झाली आहे. त्या बागेला पुन्हा पाणी आणि माळी मिळावेत. मराठवाड्यातल्या पोरांना तेवढ्यासाठी म्हैसूरला जायला लागू नये.

पैठणला मुक्काम करून सकाळी शेवगावच्या रस्त्याला लागलो. या वाटेवर नाथसागर उजव्या हाताला कधी दिसतो, कधी उसाआड लपतो. पाण्याची लांबी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, रुंदी कुठं कुठं सत्तावीस. 1986 पासून हा सगळा परिसर पक्षी अभयारण्य आहे. एका ठिकाणी गाडी थांबवून बांधावरून खाली उतरलो. काठाशी उथळ पाण्यात शेकाट्या लाल पायांवर फिरत होते, पलीकडे चक्रवाकांच्या जोड्या, आणि काळ्याभोर अंगाच्या वारकऱ्यांचा तर थवाच्या थवा पाण्यावर पसरलेला. दूरवर एक फिकट गुलाबी पट्टा होता. मामांना तो चिखल वाटला. त्यातला एक तुकडा हलला, मान वर झाली, आणि आई ओरडलीच, "अगं बाई, पाखरं हैत ती!" रोहित होते. वाकडी चोच पाण्यात उलटी घालून ते चिखल गाळत पुढं सरकत होते. माणसानं केलेल्या पाण्याला या पाखरांनी आपलं म्हटलं, त्याला आता पन्नास वर्षं होत आली.

पण या पाण्याच्या तळाशी गावं आहेत. नाथसागरानं शंभरावर गावं पोटात घेतली. गोदावरीकाठची, सगळ्यात कसदार, काळ्या जमिनीची गावं. पैठणमध्ये सातवाहनांचा मणी न् मणी जपलेला पाहिला. तिथंच एका भिंतीवर या गावांची नावं आणि फोटो लागायला हवेत, असं मला वाटतं. मला तरी तशी भिंत कुठं दिसली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं जपणाऱ्या शहराला पन्नास वर्षांपूर्वीच्या चुली, पार, मारुतीची देवळं परकी नाहीत. ती माणसं अजून हयात आहेत, सांगू शकतात. उशीर केला तर सांगणारं कुणी राहणार नाही.

नेवाशावरून पुढं प्रवरासंगमला पोचलो. नेवासा, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते खरं तर स्वतंत्र प्रवासाचं ठिकाण. तिथल्या पैसाच्या खांबाला हात लावून पुढं निघालो. प्रवरा आणि गोदावरी जिथं भेटतात तिथं एका काठाला प्रवरासंगम आणि टोका, पलीकडे कायगाव. नगर-संभाजीनगर रस्त्यावरून हजारो गाड्या पुलावरून भरधाव जातात, खाली उतरणारे थोडे. धरणाचं पाणी इथवर फुगतं, त्यामुळं दोन नद्यांचा संगम आता एका मोठ्या तळ्यासारखा दिसतो. कायगावही धरणानंतर जुनं आणि नवं असं दोन झालं.

टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर पाण्याच्या अगदी काठावर, चिरेबंदी तटात आहे. मराठेशाहीतलं काम. मधोमध महादेव, बाजूंना विष्णू आणि देवी, समोर नंदीचा मंडप. काळ्या दगडात इतकं बारीक कोरलंय की सकाळच्या तिरप्या उन्हात मूर्ती भिंतीपासून सुटून पुढं आल्यासारख्या वाटत होत्या. रामायण, महाभारत, अवतार, वादक, नर्तकी. आई एकेक प्रसंग ओळखत भिंतीला वळसा घालत राहिली. तिला अक्षरओळख फारशी नाही, पण ती भिंत तिनं माझ्यापेक्षा जास्त वाचली. वेरूळला परदेशी पाहुण्यांची रांग लागते आणि तासा-दीड तासाच्या वाटेवरचं हे मंदिर पाहायला त्या सकाळी आम्ही आणि दशक्रियेला आलेलं एक कुटुंब, इतकीच माणसं होती.

घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारे भोई जाळ्याचा फाटका भाग विणत बसले होते. होडी बाजूला बांधलेली, टोपलीत चिलापी आणि दोनचार मरळ. मामा त्यांच्याशेजारी बसले. पाण्याची गोष्ट निघायला वेळ लागला नाही.

"कुठले पाव्हणं?"

"गेवराईचे."

"मंजी आमचं पाणी तुमच्याकडं जातंय." बोलण्यात राग नव्हता.

त्यांचं गाव पाण्यात गेलं तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयात होते. हातानं त्यांनी पाण्यावर एक जागा दाखवली. तिथं वड होता, तिथं शाळा, तिथून पलीकडे मळा. दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी फार हटलं की जुनी जोती उघडी पडतात, मग जुनी माणसं जाऊन बघून येतात. पाणी ओसरलेल्या गाळात लोक गाळपेरा करतात, टरबूज, काकडी, कधी ज्वारी. "जमीन आमचीच, पन आता ती सरकारकडून मागून घ्यायची," ते म्हणाले. मामांनी त्यांना सांगितलं की त्याच पाण्याच्या पाटावर त्यांनी माती वाहिली. वर नाशिक-नगरची धरणं, खाली मराठवाडा, आणि धरण 15 ऑक्टोबरला पासष्ट टक्क्यांच्या खाली असलं तर वरून पाणी सोडायचं, हा सगळा तंटा दोघांनाही तोंडपाठ. ते बोलत होते ते कोर्टकचेरीच्या भाषेत नाही. कोणत्या साली कुणाचा कापूस जळाला आणि कुणाची जाळी कोरडी पडली, याच्या भाषेत.

माझ्या शिवारात जे हिरवं आहे त्याची किंमत कुणी दिली, हे मला वाचून ठाऊक होतं. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकल्यावर पाटाकडे बघण्याची माझी नजर बदलली. गेवराई, माजलगावच्या प्रत्येक पाणी वापर संस्थेनं वर्षातून एकदा तरी इथं यावं, या माणसांशी बोलावं.

निघताना आजोबांनी काठावरच्या त्यांच्या रानातून हरभऱ्याचे दोन मोठे डहाळे उपटून आईच्या पिशवीत घातले. आई पैसे काढायला लागली तर त्यांनी हात जोडले. मामांनी मग खिशातली पावती काढून तिच्या पाठीवर आपला फोन नंबर लिहून दिला. "ज्वारी निसवलीय आमची. पंधरा दिसांत हुरड्यावर येतीया. घरच्यांना घिऊन या."

"गाडी हाय का तिकडं?"

"संभाजीनगरहून बीडला जाणारी कुठलीबी धरा, गेवराईला उतरा. स्टँडवर मी येतो न्यायला."

आजोबांनी पावती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. सोबत नातवाला आणलं तर चालेल का, हे त्यांनी विचारून घेतलं. त्याला पाट बघायचाय म्हणाले.